पाणी न मागणारी वेल

माणसाने निवृत्त जरूर व्हावं, पण घरात होऊ नये, असं कात्रीचं स्पष्ट मत होतं. कात्री हे तिला गल्लीने ठेवलेलं नाव. ती घरी बसून पडदे आणि शाळेचे गणवेश शिवायची आणि तोंडाने माणसं कापायची, म्हणून. समोर सगळे काकू म्हणत. पाठीमागचं नाव तिला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर काकूपेक्षा तेच बरं वाटायचं.

तिचा नवरा म्हणजे बंबवाले. उभा जन्म अग्निशमन दलात गेला. लोकांना वाटे, हे शिडीवर चढून लोकांची पोरं खांद्यावर घालून उतरवत असतील. कसलं काय! बंबवाले खाली पंपापाशी उभे राहून दाबाचा काटा बघायचे. काटा पडला की चढवायचा, चढला की उतरवायचा. पेपरात फोटो यायचा तो शिडीवरच्याचा. बंबवाल्यांचा आलाच तर एखादा बूट यायचा. निरोपाच्या दिवशी साहेबांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. "वेळ बघायचं काम संपलं तेव्हा घड्याळ," कात्री म्हणाली, "अक्कल असावी तर अशी." घड्याळ मात्र तिने शिलाई मशीनच्या वर लावलं.

मग बंबवाल्यांनी घरापुढच्या अंगणात परदेशी गवत लावलं. सतरंजीसारखं गुंडाळून आलं होतं ते. सकाळ-संध्याकाळ पाइप धरून उभे. पाइपच्या तोंडाशी अंगठा, नजर धारेवर. येणारा-जाणारा थांबला की म्हणायचे, "दाब सांभाळावा लागतो." जसं काही अंगणात गोदाम पेटलंय! खिडकीत मशीन चालवता चालवता कात्री रोज विचारायची, "विझली का आग?" आणि बंबवाले रोज सांगायचे, "आटोक्यात आहे."

त्या वर्षी धरणाने तळ गाठला. बागेला पाइप लावायला बंदी आली आणि गल्लीतल्या सगळ्या हौशी लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. ज्यांना स्वतःच्या मुलांचे वाढदिवस आठवत नसत, ते गवतासाठी सुतकी तोंडं करून फिरू लागले. समोरचे बँकवाले तर शहाण्यांचे शिरोमणी. त्यांनी प्लॅस्टिकचं हिरवं गवत आणून अंथरलं आणि त्यांची बायको दर रविवारी त्यावर व्हॅक्यूम क्लीनर फिरवू लागली. एकदा एक बकरी आत शिरली, हुंगली आणि अपमान झाल्यासारखी निघून गेली. त्या गल्लीत अक्कल होती ती तेवढीच, असं कात्री नंतर कितीतरी दिवस सांगत असे.

बंबवाल्यांचं गवत पिवळं पडलं, मग गेलं. बंबवाले ओसरीवरच्या खुर्चीत बसले. आधी हातात पेपर असायचा, मग नुसतीच खुर्ची. दाढी वाढली. कात्रीने सवयीप्रमाणे तोंडाचा पट्टा सुरू केला, तर मान वळेना. उत्तर न देणाऱ्या नवऱ्याची तिला सवय होती. ज्याला ऐकूच येत नाही अशा नवऱ्याची नव्हती. एका दुपारी तिने हटकून विचारलं, "विझली का आग?" बंबवाले म्हणाले, "हं." माणूस खुर्चीत बसल्या बसल्या विझत चालला होता आणि तिला ते स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन बाहेर पडली आणि पिशवी भरून परत आली.

"हे काय आणलंस?"

"तुमच्या स्टेशनच्या मागच्या उतारावरची वेल. जन्मभर बुटाखाली तुडवलीत, आता ओळख करून घ्या."

"तण आहे हे."

"तण आहे म्हणून जगलंय. तुमचं ते खानदानी गवत कुठाय?"

वेल दिसायला काही नव्हतीच. जमिनीला चिकटून पसरणारी, बारीक पानांची, शर्टाच्या बटणाएवढी पांढरट फुलं. डबा द्यायला जायची तेव्हापासून कात्री तिला बघत होती. सगळ्या गावाच्या आगीवर पाणी मारणारे बंब पुढच्या दारी, आणि मागच्या दारी ही मुरमावर, कुणी थेंब न घालता, हिरवीगार. प्रत्येक पेराला मूळ फुटायचं.

"पेरं कापून वितीवितीवर लावायची," कात्रीने फर्मावलं. "मुळं धरेपर्यंत रोज पाणी. भाजी धुतलेलं, झारीने. मला शिवण आहे, मी करणार नाही."

बंबवाले कुरकुरत उठले. पण उठले. आठवडाभरात झारीच्या तोंडावर बोट धरून धार बारीक कशी करायची याचा त्यांनी शोध लावला. मग दाढी झाली. मग एके सकाळी वेलीजवळ वाकून "दाब बरोबर आहे" असं त्यांना पुटपुटताना कात्रीने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. तेवढ्याने तिचा दिवस चांगला गेला.

वेल मात्र धावत सुटली. ऐन उन्हाळ्यात सगळ्या गल्लीत धूळ उडत असताना या अंगणात हिरवी चादर. लोक थांबू लागले. बँकवाल्यांची बायकोसुद्धा आली, नाक मुरडतच. "बंबवाले काका, पाणी किती घालता हो याला?"

बंबवाल्यांनी छाती फुगवून तोंड उघडलं, तेवढ्यात खिडकीतून कात्री ओरडली, "आता कसलं पाणी! तिला पाण्याची गरजच नाही!" तोंडातून निघालं आणि तिला कळलं, कापड चुकीच्या जागी कापलं गेलं.

पुढच्या काही दिवसांत ओसरीजवळची वेल पिवळी पडली, मग काळी, मग कुजका वास. खुर्चीतून हात पोचेल तेवढीच. कात्रीने पाळत ठेवली. बंबवाले प्यायचं पाणी ओतत होते, चहाचा कप विसळून ओतत होते, आंघोळीची बादली अर्धी राखून ओतत होते.

"अहो, मारताय तुम्ही तिला!" ती कडाडली. "पालथ्या घड्यावर पाणी नुसतं! मुळं धरलीत तिने. तिला आता तुमची गरज नाही, कितीदा सांगू?"

बंबवाल्यांनी झारी खाली ठेवली.

"तिलाही नाही," ते म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले.

त्या दिवशी मशीनवर दोन गणवेशांच्या बाह्या उलट्या लागल्या.

सकाळी बंबवाले आंघोळीला गेले तशी कात्री घराच्या बाजूला गेली. तिथली वेल सगळ्यात दाट, फुलांनी भरलेली. तिने ती मुठीमुठीने उपटली. हातातलं चांगलं कापड फाडावं तसं तिला झालं, पण ती थांबली नाही. मग पदराला हात पुसून हाक मारली, "अहो, इकडची मेली सगळी! पुन्हा लावावी लागणार!"

बंबवाले आले. उघड्या मातीकडे पाहिलं. तिच्या नखांत अडकलेल्या मातीकडे पाहिलं. काट्याकडे बघण्यात जन्म गेलेला माणूस तो, बराच वेळ बघत राहिला.

"मग पाणी घालावं लागेल," ते म्हणाले. "रोज."

"घालावंच लागेल. मुळं धरेपर्यंत."

"झारी कुठाय?"

तेव्हापासून त्या अंगणात दुष्काळालाही न मरणारी वेल मधूनमधून मरते. कधी फाटकाशी, कधी ओसरीच्या पायरीशी. मागच्या महिन्यात बँकवाल्यांची बायको कुंपणाशी येऊन खिडकीतल्या कात्रीकडे बघत हसली. "काकू, रानात आपोआप वाढते ती वेल तुमच्याकडे मरते कशी हो? हाताला गुण नाही वाटतं तुमच्या."

प्लॅस्टिकचं गवत झाडणाऱ्या बाईने हे बोलावं! उत्तर कात्रीच्या जिभेवर अगदी धार लावून तयार होतं. तेवढ्यात अंगणात झारीतून पाण्याची बारीक, सारखी धार पडल्याचा आवाज आला.

"नाही हो," कात्री म्हणाली, "माझ्या हाताला गुणच नाही." आणि तिने मशीनचं पायडल दाबलं.