भादरलेला कॅप्टन

दुपारी दीडच्या सुमाराला वाघरे गावातल्या गुरांच्या दवाखान्यात निरोप आला, की विमलावैनीचा विलायती कुत्रा पिसाळला आणि शेजारचे अप्पा खोत बंदूक घेऊन बाहेर पडलेत. महादू परब नुकताच डबा सोडून बसला होता. हातातला घास त्याने तसाच डब्यात ठेवला. 'पिसाळला' हा शब्द कानावर आला की महादूचा हात आपोआप बेंबीकडे जायचा, आणि त्याला कारणही तसंच होतं.

आठ वर्षांपूर्वी, म्हणजे अठ्ठ्याहत्तर साली, एक गाय लाळ गाळत दवाखान्यात आली होती. घशात आंब्याची बाठ अडकली असणार, असं गायीचा मालक म्हणाला आणि महादूनेही छातीठोकपणे सांगितलं, बाठच. कोपरापर्यंत हात घालून त्याने गायीचा घसा चाचपला. बाठ काही सापडली नाही. चौथ्या दिवशी गाय गेली, ती पिसाळलेलीच होती, आणि महादूने बेंबीभोवती चौदा सुया टोचून घेतल्या. तेव्हापासून लाळ दिसली की तो आधी दोन पावलं मागे सरायचा.

खरं म्हणजे महादू डॉक्टर नव्हताच. तो ड्रेसर, जखमा धुऊन पट्ट्या बांधणारा. डॉक्टरची जागा वर्षातले आठ महिने रिकामी असायची, आणि आलेला डॉक्टर पावसाळ्याआधी बदली करून घ्यायचा. मग गाव महादूलाच डॉक्टर म्हणू लागलं आणि महादूनेही ते नाव अंगाला लावून घेतलं. बिचाऱ्याला नाही म्हणता यायचं नाही. कुणी काही विचारलं की त्याच्याकडे उत्तर तयार असायचं, माहीत असो वा नसो.

सायकल हाणत तो निघाला, तेव्हा मे महिन्यातलं डांबर चाकाला चिकटत होतं. एवढ्या उन्हात बंदूक घेऊन फिरायला माणूस अप्पांसारखाच रागीट हवा. अप्पांकडे शेतीच्या रक्षणासाठी परवाना काढलेली ठासणीची बंदूक होती. रानडुकरांवर ती किती वेळा चालली हा संशोधनाचा विषय, पण आता कुत्रा दहा पावलांवर होता आणि त्याला गोळी चुकवायची शुद्ध नव्हती.

हा कुत्रा गावात आला जानेवारीत. विमलाचा नवरा सहदेव परदेशी बोटीवर इंजिनखात्यात होता. कुठल्याशा बंदरात एका अधिकाऱ्याने त्याला हे वर्षभराचं पिल्लू दिलं. जात हस्की, म्हणून सहदेवने सांगितलं, तर वाडीतल्या बायका म्हणाल्या, "हसता खंय? हो तर रडता." कारण तो भुंकायचाच नाही, तोंड वर करून कोल्ह्यासारखा हेल काढायचा. सहदेवने त्याचं नाव कॅप्टन ठेवलं, चारचौघांना त्याचे निळे डोळे दाखवले, बायकोला म्हणाला, "तुका सोबत झाली," आणि महिन्याभरात पुन्हा बोटीवर गेला.

निळे डोळे त्याने पाहिले होते. बाकी काही पाहिलंच नव्हतं. या जनावराला रोज दोन तास पळायला लागतं आणि घरात बाई एकटी आहे, हे नाही पाहिलं. ते जमीन उकरून कुंपणाखालून निसटतं आणि पलीकडे अप्पांचं खुराडं आहे, हेही नाही. अंगावर दोन थरांचे केस, बर्फातला प्राणी, आणि मालवणचा मे महिना! मला तर सहदेवचा आजही राग येतो. माणूस छत्री घेतानासुद्धा उघडमीट करून बघतो.

विमलाने मात्र तक्रार केली नाही. पहाटे उठून दोर हाताला गुंडाळून ती कॅप्टनमागे दर्याकाठी फरपटत जायची. मार्चअखेरीला तो धापा टाकायला लागला तेव्हा घाबरून दवाखान्यात आली. महादूने आयुष्यात असा कुत्रा पाहिला नव्हता, पण घाटावर नोकरीला असताना उन्हाळ्यात म्हशी भादरतात हे पाहिलं होतं. "भादरूया तेका," तो म्हणाला. "उकाडो जायत." आणि दवाखान्याचीच कातरी घेऊन त्याने कॅप्टनला मानेपासून शेपटीपर्यंत साफ भादरलं. दुसऱ्या दिवशी वाडीत सगळे हसले, विमलाही हसली. महादूला आपण मोठं काम केल्यासारखं वाटलं होतं.

तो पोचला तेव्हा विमलाच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, वीसेक माणसं लांब उभी होती. मधोमध, माडाच्या ओल्या आळ्यात, कॅप्टन कुशीवर पडला होता. तोंडातून फेसाची जाड लाळ गळत होती, जीभ जांभळी, पाय थरथरत होते. विमला त्याच्या आणि अप्पांच्या मध्ये उभी होती. पदर सुटलेला, पायात काही नाही.

"डॉक्टर, बाजूक व्हा," अप्पा म्हणाले. "माझे तीन कोंबे मारल्यान. तोंडाक फेस आसा, पाणी पियत नाय. आणि काय व्हया?"

"डॉक्टरांनू, तुमी सांगा," विमलाचा आवाज फाटला होता. "सकाळी दोर तोडल्यान आणि गेलो. दोन अडीच तास दर्यावर धावत होतो. माका गावलोच नाय."

गाव महादूकडे बघत होतं. त्याने म्हटलं असतं पिसाळला, तर मामला एका बारात मिटला असता. कुणी त्याला दोष दिला नसता, उलट शाबासकी दिली असती. आणि महादूचे पाय खरोखर मागे मागे जात होते. फेस, लाळ, न गिळणं, हे सगळं त्याने त्या गायीत पाहिलं होतं. पाण्याची परीक्षा घेऊन उपयोग नव्हता. पाण्याचं भय माणसाला असतं, कुत्रा पिसाळला तरी पाणी पितो, हे त्याला एका डॉक्टरने सांगितलं होतं. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता. बोटांवर काल पट्टी कापताना लागलेला कातरीचा ओरखडा होता, ताजा; लाळ शिरायला एवढी वाट पुरे.

तेवढ्यात कॅप्टनने धडपडून कूस बदलली आणि महादूला त्याची पाठ दिसली.

पाठीवर कातडी अशी उरलीच नव्हती. जिथे जिथे कातरी फिरली होती तिथे तिथे केस परत आलेच नव्हते, नुसता लाल, फोड आलेला पट्टा. पोटाखालचे केस कापायचे राहून गेले होते, तिथली कातडी गुलाबी आणि शाबूत. महादू बघतच राहिला. आडोसा म्हणून जे देवाने दिलं होतं ते त्याने कापून टाकलं होतं. म्हशीला वरून जाड कातडं असतं आणि डुंबायला डबकं असतं. या जिवाला फक्त केस होते.

त्याला रडू आलं. सांगायला लाज कसली, आलंच.

"अप्पानू, बंदूक खाली करा," तो म्हणाला. "तो पिसाळूक नाय. तेका उन्हान धरल्यान. आणि हे केस मी कापलंय. माजी चूक आसा. माका ह्या कुत्र्यातला कायएक कळत नव्हता, तरी मी सांगलंय."

अप्पांनी बंदूक खाली केली नाही. "आणि पिसाळलेलो असलो तर, महादू?" वीस वर्षांत अप्पांनी त्याला पहिल्यांदा नुसतं महादू म्हटलं.

"तर पयलो मी मरतलंय. हो बघा हात." त्याने ओरखडा दाखवला.

आता खरी अडचण होती. चावऱ्या कुत्र्याला हात लावायचा तर आधी पट्टीने तोंड बांधायचं, हा दवाखान्याचा पहिला नियम. पण उन्हाने धरलेला कुत्रा जिभेवाटेच उष्णता बाहेर टाकतो. तोंड बांधलं तर दोन मिनिटांत गेला. न बांधावं आणि तो पिसाळलेलाच असावा, तर महादू गेला. पट्टी खिशात होती. बोटांनी ती एकदा काढली, पुन्हा खिशात घातली.

"मी धरतंय," विमला खाली बसली आणि तिने कॅप्टनचं डोकं मांडीवर घेतलं.

"वैनी, नको!"

"घरात माका दुसरा आसा कोण?" तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

महादूने थर्मामीटर लावला. मिनिटभराने काढून उजेडाकडे धरला. पारा एकशे आठच्या वर होता. कुत्र्याचा असतो एकशे एक-दोन. लाळ त्याच्या मनगटावर पडली, ओरखड्यावर पडली, आणि त्याने ती पुसली नाही, कारण पुसायला हात मोकळा नव्हता. "पाणी! तोंडात नको, पोटावर ओता. बर्फ कोणाकडे आसा?"

बर्फ होता इद्रीसच्या टेम्पोत. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावर ओढायच्या जाळ्यातल्या, मासळीसाठी तो रोज याच वेळेला बंदरावरून भुशात गुंडाळलेल्या लाद्या घेऊन जायचा. हे आठवलं अप्पांना. ते तसेच रस्त्यावर धावले आणि हातातल्या बंदुकीसकट टेम्पोसमोर उभे राहिले. इद्रीसने दोन्ही हात वर केले.

"बर्फ दी रे!" अप्पा ओरडले.

"बर्फाक बंदूक कित्याक, अप्पानू?" म्हणत इद्रीसने अख्खी लादी खांद्यावर घेतली आणि खळ्यात आणून आपटली. रापणीची मासळी वाट बघत राहिली.

पोत्यात गुंडाळून बर्फ मानेला लावला, जांघेत लावला. घागरीमागून घागर ओतली. लोक हळूहळू जवळ आले, कुणी सुपाने वारा घालायला लागलं. पारा एकशे सातवर आला, मग तिथेच अडला. कॅप्टनचे डोळे फिरले. विमला त्याच्या कानात काहीतरी पुटपुटत होती, नवऱ्याशीसुद्धा ती कधी इतकी बोलली नसेल. चार वाजता पारा एकशे चारवर उतरला आणि कॅप्टनने जीभ आत घेतली. अप्पांनी बंदूक ओट्याला टेकवून ठेवली.

पण सुटका एवढ्यात नव्हती. पिसाळलेला असेल तर कुत्रा दहा दिवसांत मरतो. तोपर्यंत त्याला साखळीने बांधून ठेवायचं आणि बघायचं. महादूने दुसऱ्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन सुया सुरू केल्या, आणि विमलालाही नेलं. सकाळी सुई, मग सायकलवरून विमलाचं खळं. कॅप्टन उठला का, गिळतो का, डोळे कसे आहेत. चौथ्या दिवशी त्याने काही खाल्लं नाही, तेव्हा महादूला त्या दिवशीचा भात गेला नाही. सातव्या दिवशी कॅप्टन हेल काढून रडला आणि वाडीतल्या बायका प्रथमच खूश झाल्या. अकराव्या दिवशी अप्पांनी स्वतः आणून दिलेला बांगडा त्याने काट्यासकट गिळला.

त्याच आठवड्यात सहदेवचं पत्र आलं. डिसेंबरात येताना कॅप्टनला जोडीण आणतो, म्हणून. विमलाने ते महादूसमोर ठेवलं. "तुमी लिवा. माजा तो आयकूचो नाय."

महादूने लिहिलं, अगदी साध्या शब्दांत. आणायच्या आधी घरात माणसं किती आणि त्यांना वेळ किती ते मोज. रोज कोण पळवणार ते ठरव. शेजाऱ्याची खुराडी कुठे आहेत ते बघ. मे महिन्यात आपल्याकडे काय होतं ते आठव. आणि या जातीतलं कळणारा माणूस गावात आहे का ते विचार, कारण मी तो नाही.

"आणि एक लिवा," विमला म्हणाली. "आणूच्या आदी इचारूक व्हया होता. कुत्र्याक इचारूक येयत नाय. माका इचारूक येय होता."

महादूचं पेन थांबलं. मग त्याने तेही लिहिलं, तिच्याच शब्दांत.

पुढचा मे कॅप्टनला इथे झेपणार नाही हे विमलालाही पटलं, आणि त्याला आंबोलीला पाठवायचं ठरलं. तिथे महादूच्या ओळखीचं एक कुटुंब घाटात शेती करून होतं, घरात पाच माणसं, हवा थंड. इद्रीसचा टेम्पो दारात उभा होता. पाठीवर पांढरे केस पुन्हा उगवू लागले होते. विमला दोर हातात धरून उभी राहिली, आणि सोडेचना.

"थंय पाऊस लय," ती म्हणाली. "थंय जगतलो ना तो? डॉक्टरांनू, तुमी सांगा."

महादूच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. जगतलो, कसो जगूचो नाय, असं ते तयार उत्तर. त्याने ते गिळलं.

"माका ठावक नाय, वैनी," तो म्हणाला. "दर पंधरा दिवसांनी जावन बघतलंय."

विमलाने हाताभोवतीचा दोर सोडवला आणि त्याच्या हातात दिला.