प्रवरासंगमच्या घाटावरचं एक वाक्य

आमचे रविकांत भावोजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, एकोणीस वर्षं दिवाणी न्यायाधीश होते. बदली होईल त्या गावात कुणाच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम. एकदा सुट्टीत घोडेगावला आले, तर शेजारच्या बारशाच्या घुगऱ्याही हात जोडून परत केल्या. मी म्हटलं, अहो, इथल्या माणसांची तारीख तुमच्या कोर्टात कशी पडेल? हसले, पण घुगऱ्या काही खाल्ल्या नाहीत.

पुढे लोकांच्या आग्रहाला मान देऊन त्यांनी राजीनामा दिला, निवडणुकीला उभे राहिले आणि थोडक्या मतांनी आमदार झाले. मग जिथे पाणी चालत नव्हतं तिथे दिवसाला दहा घरचा चहा सुरू झाला. लग्नं, वास्तुशांती, आणि सगळ्यांत जास्त दहावे. आमच्याकडे आमदारांनी माईकवर दोन शब्द वाहिल्याशिवाय दहावा पुरा झाला असं वाटतच नाही. कावळासुद्धा भाषणं संपायची वाट बघतो, असं गावात म्हणतात. एका सकाळी तीन-तीन घाट. गेलेला माणूस कोण, कसा, हे भावोजींना कुठून ठाऊक असणार? त्यांचा कार्यकर्ता कानिफनाथ गाडीत बसून चिठ्ठी लिहून द्यायचा आणि भावोजी उतरता उतरता ती वाचायचे.

तशाच एका सकाळी प्रवरासंगमला श्रीमंतरावांचा दहावा होता. भावोजी म्हणाले, "श्रीमंतरावांनी विधवा भावजयीला विहिरीतलं निम्मं पाणी देऊन टाकलं. असा दीर होणे नाही." माणसांनी डोळे पुसले. ती भावजय, गोजरबाई, बायकांत बसली होती. श्रीमंतराव हयात असताना तिला नुसतं 'देऊ, देऊ' म्हणत आले होते. आता तिला वाटलं, जाता जाता साहेबांपाशी शब्द टाकून गेले.

पुढची निवडणूक भावोजी हरले. हरल्याचं त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. उलट दुपारचं जेवण वेळेवर होऊ लागलं म्हणून आम्हांलाच बरं वाटलं. तीन वर्षांपासून नेवाशाच्या लोकअदालतीत पॅनेलवर बसायला त्यांना बोलावतात. लोक पुन्हा जज्जसाहेब म्हणू लागले.

चैत्रात त्यांच्यापुढे गोजरबाईचंच प्रकरण आलं. श्रीमंतरावांचा मुलगा अजिनाथ तिला पाण्याचा थेंब देत नव्हता, आणि लिहिलेलं तर काहीच नव्हतं. तडजोडीचं बोलणं सुरू झालं तशी गोजरबाई उभी राहिली.

"साहेब, तुमीच तर माईकवर सांगितलं हुतं. आता ह्याला सांगा की."

भावोजींनी कागद मिटले. या प्रकरणात मी बसू शकत नाही म्हणाले आणि उठले. तिथून थेट कानिफनाथाच्या घरी गेले. त्याने काही लपवलं नाही. दहाव्याला माणसाचं चांगलंच लिहायचं असतं, ती बाई समोर बसणार होती, तिला बरं वाटावं म्हणून लिहिलं, असं सरळ सांगितलं.

तडजोड झाली नाही, प्रकरण पुन्हा कोर्टात गेलं. रविवारी सकाळी गोजरबाईचे वकील घरी आले. श्रीमंतराव आपल्याशी तसं बोलले होते, एवढं एकच वाक्य साक्षीत सांगा म्हणाले. ते गेल्यावर मला राहवलं नाही, मीही बोलले. भावोजी, एका विधवेचं रान भिजेल, एवढं खोटं आपला नेवाशाचा मोहिनीराज पोटात घालील.

भावोजी म्हणाले,

"वहिनी, त्या दिवशी मला ठाऊक नव्हतं, तरी मी बोललो. आता ठाऊक असताना बोलू?"

देवाला मध्ये घातलं याची मला लाज वाटली.

तारखेला त्यांनी शपथेवर खरं ते सांगितलं. बाहेर पायरीवर गोजरबाई बसली होती. भावोजी तिच्यापुढे थांबले. तिने वर पाहिलं नाही.

"माईकवर हजार माणसांत बोललात, साहेब. खरं सांगायला आज धा माणसं हुती."

वैशाखात श्रीमंतरावांच्याच गावातल्या एकाचा दहावा प्रवरासंगमला निघाला. भावोजी आता कुठे बोलत नसत, पण त्या दिवशी त्यांनी दोन मिनिटं मागून घेतली. गेलेल्या माणसाच्या घरच्यांची आधी परवानगी घेतली, मग सांगितलं, की याच घाटावर मी श्रीमंतरावांविषयी चिठ्ठीतलं वाचून बोललो होतो, ते खरं नव्हतं, आणि माझ्या त्या वाक्यावर एक बाई सहा वर्षं आशेनं बसून राहिली. गर्दीतल्या माना अजिनाथाकडे वळल्या. तो चप्पल शोधत निघून गेला.

पण गावात राहायचं तर चार तोंडं चुकवता येत नाहीत. ज्येष्ठ लागायच्या आत त्याने आठवड्यातून एक दिवस पाणी द्यायचं लिहून दिलं. गोजरबाईने अंगठा केला. आमच्याकडे काही ती आली नाही, आणि तिने यावं तरी कशाला?

बातमी ह्यांनी आणली तेव्हा भावोजी जेवत होते. मी म्हटलं, चला, एक दिवस तरी मिळाला.

"मी निम्मं म्हणालो होतो," एवढंच बोलले, आणि ताटावर हात धुतला.