गोधड्यांच्या दुपारी

बायकोला झटका आला तेव्हा ती फोनवर बोलत होती. पलीकडे तिची धाकटी बहीण होती आणि दिवाळीच्या चकल्या यंदा घरी करायच्या की विकत आणायच्या, असा काहीतरी विषय चालला होता. मी शेजारी पेपर वाचत होतो. मध्येच, अर्ध्या वाक्यात, तिचा आवाज थांबला. आमच्या घरात तिचा आवाज असा थांबणं इतकं नवलाचं होतं, की मी पेपरातून मान वर केली. फोन तिच्या मांडीवर घसरला होता. तोंडाची उजवी बाजू खाली ओढल्यासारखी झाली होती आणि ती माझ्याकडे, 'हे काय होतंय?' असं विचारावं तशी बघत होती.

शेजाऱ्यांनी गाडी काढली, आम्ही वेळेत पोचलो, डॉक्टरांनी तिला वाचवलं. यातल्या प्रत्येकाचे उपकार वेगळे सांगायला हवेत, पण मला सांगायचंय ते त्यानंतरचं.

तिने सगळी नोकरी फोर्टातल्या एका मोठ्या ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर म्हणून केली. आवाज ओळखणं, चिडलेल्या माणसाला दोन वाक्यांत थंड करणं, हे तिचं काम. घरीही तीच बोलायची. मी मुळात कमी बोलणारा. तिने दिवसभराचं सांगायचं आणि मी ऐकायचं, असा आमचा संसार झाला. आता ती घरी आली ती उजवा हात गळ्यातल्या पट्ट्यात आणि तोंडात एकच शब्द घेऊन. तो शब्द होता 'मंगळवार'.

का ते कुणालाच कळलं नाही. पाणी हवं असलं तरी मंगळवार, खिडकी लाव म्हणायचं असलं तरी मंगळवार. डॉक्टर म्हणाले, "त्यांना सगळं समजतंय. काय बोलायचं तेही डोक्यात आहे. शब्द बाहेर यायची वाट तेवढी बंद झालीय. कधीकधी असा एखादाच शब्द मध्ये अडकून राहतो." आपण चुकीचं बोलतोय हे तिला कळायचं. दोनतीनदा प्रयत्न करून तोच शब्द आला, की ती डाव्या हाताने कपाळ झोडायची आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

मुलगी बंगळुरूहून आली होती. दिवाळी झाल्यावर तिला परत जावं लागलं, तिचं घर, तिची मुलं. ती गेली त्या दिवशी संध्याकाळी मी मुगाची खिचडी लावली आणि लक्षात आलं, की ती गेल्यापासून या घरात कुणीच काही बोललेलं नाही.

व्यायाम करून घ्यायला येणारा फिजिओ म्हणाला, आजींना उन्हात न्या, माणसांत न्या. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी सांगितलं, "काका, नाहूर स्टेशनच्या अलीकडे मैदानाला लागून ते सेवा केंद्र आहे ना, तिथे व्हीलचेअर, वॉकर सगळं वापरायला देतात. विकत कशाला घेता?"

त्या केंद्रावरून मी कितीतरी वर्षं ये-जा केली होती. पत्र्याची शेड, पुढे छोटं अंगण, अंगणात बदामाचं झाड. कधी रक्तदान शिबिराचा फलक, कधी कॅरमच्या स्पर्धेचा. आत मात्र कधी गेलो नव्हतो. केंद्र सांभाळणाऱ्या बाई बँकेतून निवृत्त झालेल्या, माझ्याच वयाच्या, आवाज खणखणीत. मी व्हीलचेअर हवीय म्हटल्यावर त्यांनी कुणासाठी, काय झालं, लिफ्ट आहे का, सगळं विचारून घेतलं.

"घेऊन जा," त्या म्हणाल्या. "भाडं नाही. पण एक अट आहे."

"कोणती?"

"खुर्ची नुसती घरात ठेवून द्यायला देत नाही आम्ही. तिच्यात बसवून त्यांना इकडे आणायचं. थंडीत दुपारी आमच्या बायका इथे गोधड्या शिवतात, मोठ्या हॉस्पिटलबाहेर पेशंटची माणसं उघड्यावर झोपतात ना, त्यांच्यासाठी. तिथे आणा."

"अहो, पण तिचा उजवा हात चालत नाही."

"मी शिवायला आणा म्हटलं का? बसायला आणा म्हटलं."

मी खुर्ची ढकलत घरी आलो.

पण ती यायला तयार होईना. खुर्ची बघितली आणि तिने मान फिरवली. वाकडं झालेलं तोंड घेऊन, एक शब्द घेऊन, चार बायकांत जायचं? मी समजू शकत होतो. आठवडाभर खुर्ची हॉलमध्ये नुसती उभी. मग एका दुपारी केंद्राच्या बाई स्वतःच दारात हजर. "वहिनी," त्या तिच्या समोर बसून म्हणाल्या, "तुमच्याकडे जुन्या साड्या असतील. आम्हाला कापड कमी पडतंय. कुठल्या द्यायच्या ते तुम्हीच दाखवा. भाऊंना काय कळतंय त्यातलं?"

माझी बायको उठून बसली. कपाट उघडून मी एकेक साडी काढायची आणि तिने मान हलवून हो-नाही सांगायचं, असं बराच वेळ चाललं. शेवटी मांडीवर साड्यांचा गठ्ठा घेऊन ती व्हीलचेअरमध्ये बसली. साड्या तिच्या, तेव्हा पोचवायलाही तीच हवी, असं बहुधा तिला वाटलं असावं.

थंडी पडली होती. म्हणजे आपली उपनगरातली थंडी, सकाळी डोंगराच्या बाजूला धुकं आणि दुपारी उन्हात बसावंसं वाटणं एवढीच. केंद्राच्या अंगणात सतरंज्या अंथरल्या होत्या आणि बायका गोलात बसून टाके घालत होत्या. गप्पा मोठमोठ्याने चाललेल्या. आम्ही आत शिरलो आणि सगळ्या वर बघायला लागल्या. बायकोने गठ्ठा पुढे केला आणि काहीतरी छानसं म्हणायला तोंड उघडलं.

"मंगळवार," ती म्हणाली.

गोलात एक मालवणी आजी होत्या, सत्तरी कधीच ओलांडलेल्या, नवरा गिरणीत होता तेव्हापासून मुंबईत. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "गो बाय, आज गुरवार. मंगळवार गेलो."

बायकोकडे बघायला मी धजलो नाही. आणि मग हसू ऐकू आलं. ती हसत होती. वाकड्या तोंडाने, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. तिच्यामागून सगळ्या हसल्या. आजींनी सतरंजीवर हात आपटला, "बस हय, माझ्या बाजूक." हॉस्पिटलमधून आल्यापासून मी तिचं हसू ऐकलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही रोज जायला लागलो. तिला जमेल ते काम त्यांनी लगेच शोधून काढलं. गोधडीचा वरचा थर लहान-मोठ्या तुकड्यांचा असतो. कुठला तुकडा कुणाशेजारी ठेवायचा हे आधी लावून बघतात, मग टाचतात. ते लावायला एक हात पुरतो. तिच्यासमोर एक बुटकं टेबल मांडलं आणि तुकड्यांचा ढीग ओतला. ती डाव्या हाताने तुकडे सरकवत बसायची. मलाही रिकामं बसू दिलं नाही. एकीने सुई ओवून हातात दिली आणि धावदोरा शिकवला. माझे टाके दुसऱ्या दिवशी गुपचूप उसवले जायचे, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी काम झाल्यावर बायका आरती म्हणत. त्यातल्या पहिल्याच गुरुवारी माझ्या बायकोने सगळी आरती सगळ्यांबरोबर म्हटली. एक शब्द चुकला नाही. मी टाळी वाजवायची विसरून तिच्याकडे बघत राहिलो. वाटलं, झालं, वाट मोकळी झाली! घरी आल्यावर विचारलं, "चहा घेणार?" आणि उत्तर आलं, "मंगळवार."

केंद्रात आठवड्यातून एकदा एक स्पीच थेरपिस्ट मुलगी यायची, स्वतःचा दवाखाना सांभाळून, काही न घेता. तिला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "आरती पाठ असते काका, ती आपोआप येते. पण हे चांगलं लक्षण आहे. आता त्यांनी स्वतःचा शब्द काढायला हवा. घाई करू नका. त्यांच्या वाटचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, तेवढं सांभाळा." हे सांभाळणं फार कठीण गेलं. समोरचं माणूस एका शब्दासाठी झगडतंय आणि आपण गप्प बसायचं.

मग तो दिवस आला. एक जांभळ्या रंगाची गोधडी लावली जात होती. आजींनी एक पोपटी हिरवा तुकडा उचलला आणि नेमका मधोमध ठेवला. माझ्या बायकोने तो बाजूला केला. आजींनी पुन्हा ठेवला. तिने पुन्हा काढला. तिसऱ्यांदा आजींनी तो ठेवून वर हात दाबून धरला.

"नको," माझी बायको म्हणाली.

स्पष्ट. थोडं रागावून. आमचं लग्न झाल्यापासून ज्या सुरात मी तो शब्द ऐकत आलो होतो, त्याच सुरात. सगळ्या सुया थांबल्या. ती स्वतःच दचकली होती.

आजी तेवढ्या दचकल्या नाहीत. "हिरवो नको, तर मग खयचो होयो गो तुका?"

बायकोने ढिगात हात घातला, एक पिवळा तुकडा काढला, हिरव्याच्या जागी ठेवला आणि सगळ्यांकडे बघून पुन्हा म्हणाली, "हिरवा नको."

कुणीतरी रडायला लागलं. मला वाटतं तो मीच होतो. केंद्राच्या बाईंकडे जाऊन मी काहीतरी आभाराचं बोलायला लागलो, तर त्या म्हणाल्या, "ते नंतर भाऊ. आधी त्या तुकड्यांच्या पिशव्या आत ठेवा, उन्हं गेली." पण पदराने त्याही डोळे पुसत होत्या.

पुढचे कितीतरी दिवस घरात 'नको'चं राज्य होतं. खिचडी नको. स्वेटर नको. मी लावलेली बातम्यांची वाहिनी नको. माझ्या स्वयंपाकाविषयीचं तिचं खरं मत मला त्या दिवसांत कळलं. मग हळूहळू 'हो' आलं, 'पाणी' आलं, मुलीचं नाव आलं. ते फोनवर ऐकून मुलगी पलीकडे किती तरी वेळ नुसती हुंदके देत होती.

संक्रांतीच्या आधी गोधड्या पुऱ्या झाल्या. तिळाचे लाडू वळले गेले, पुड्या बांधल्या. संध्याकाळी टेम्पो हॉस्पिटलकडे निघणार होता. बायकोला दगदग नको म्हणून मी घरी न्यायला लागलो, तर तिने खुर्चीचं चाक डाव्या हाताने घट्ट धरून ठेवलं. टेम्पोमागून आम्ही टॅक्सीने गेलो.

हॉस्पिटलच्या भिंतीला लागून माणसं बसली होती. कुणी डबा खात होतं, कुणी चादर झटकत होतं. आम्ही गोधड्या देत पुढे सरकत होतो. एका बाईच्या हातात मी ती जांभळी गोधडी दिली. पस्तिशीची असेल, शहापूरकडून आली होती. तिने गोधडी मांडीवर घेतली आणि व्हीलचेअरकडे बघून विचारलं, "ताईंना काय झालं?"

"झटका आला होता," मी म्हणालो.

तिचा चेहरा बदलला. "माझ्या मालकांना बी तेच झालंय. आत हायेत. जगतील म्हणतात. पण बोलत नाहीत ओ. नुस्ते बघतात माझ्याकडं. मला काय समजंना, त्यांना आता बोलताच यायचं नाही का?"

मी काहीतरी धीराचं बोलणार होतो, तेवढ्यात बायकोने माझा शर्ट ओढला. ती पुढे वाकली आणि तिने त्या बाईचा हात धरला.

"माझं," ती म्हणाली. मग थांबली. ओठ हलले, शब्द येईना. ती बाई श्वास रोखून थांबली होती. "माझं पण. गेलं." पुन्हा थांबली. "येतं. हळू... हळू. येतं."

इतकं लांब ती त्या दिवसापर्यंत बोलली नव्हती. त्या बाईने तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला. किती डॉक्टरांनी तिला काय काय समजावलं असेल, पण विश्वास तिने या तुटक बोलण्यावर ठेवला, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

मग तिने गोधडी उलगडून विचारलं, "ही तुम्ही शिवली?"

"नको," माझी बायको म्हणाली, आणि आपली चूक कळून स्वतःच हसली. "नाही. रंग. रंग मी."

परतताना टॅक्सीत ती काचेला डोकं टेकून बसली होती. मला वाटलं, झोपली. भांडुपच्या सिग्नलला गाडी थांबली आणि शेजारून आवाज आला.

"अहो."

झटका आल्यापासून तिने मला हाक मारली नव्हती. मारता आली नव्हती. मी वळलो. "काय गं?"

"भूक," ती म्हणाली. आणि थोडा विचार करून, "खिचडी नको."

आम्ही टॅक्सी थांबवली आणि गाडीवरची गरम भजी खाल्ली. टॅक्सीवाल्यालाही दिली. तिखट होती, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, माझ्याही आलं आणि मी मिरचीवर ढकललं.

आज ती पुष्कळ बोलते. पूर्वीसारखं नाही, अडखळत, मध्ये शब्द शोधत. उजवा हात अजून पूर्ण वळत नाही. पण बहिणीशी फोन लावते, भाजीवाल्याशी भांडते आणि थंडी सुरू झाली की दुपारी जेवण उरकून मला घाई करते. ज्यांनी तिला फुकटची दया न दाखवता तुकड्यांच्या ढिगापुढे बसवलं आणि तिच्याशी वाद घातला, त्या बायकांचे आभार मी अजूनही नीट मानू शकलेलो नाही. मानायला गेलो की त्या हातात काहीतरी काम देतात. ते मी करतो.