तक्त्यावरचा ळ

हे लिहिताना मी ळ अगदी दोन्ही पोटांसकट गोल काढते आहे. फक्त वाचून दाखवायला सांगू नका. आमच्या हिंगणीकडच्या जिभेला तो ळ काही जमत नाही. डोळ्याचा डोया होतो, शाळेची शाया होते, केळ्याचं केयं होतं, आणि त्यावाचून आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं. अडलं ते गेल्या हिवाळ्यात, शाळेत डॉक्टरांची गाडी आली त्या दिवशी.

पण गाडीच्या आधी रोही आला होता. त्याचं आधी सांगते.

माझी नात चौथीत आहे, इथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत. एका दुपारी आम्ही दोघी वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, उभ्या राहून तिच्या आबांना, म्हणजे आमच्या यजमानांना, जेवायला बोलवत होतो. तुरीत कुणीतरी उभं होतं. नातीनं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि शीर ताणून ओरडली, "ओ आबा! चला जेवाले! आजीनं वांग्याची भाजी केली!"

आबांनी मान वर केली, कान हलवले, आणि एक उडी मारून तुरीतून जंगलाकडे धूम ठोकली.

"आबा पयाले काऊन वं?" नातीनं विचारलं.

ती नीलगाय होती. आम्ही तिला रोही म्हणतो. खरे आबा विहिरीपाशी हात धूत होते. मी हसून हसून धुऱ्यावरच बसले. "वांग्याची भाजी म्हटल्यावर रोहीच काय, खरा आबाही पयाला असता," आबा म्हणाले. मग माझं हसू अर्ध्यातच थांबलं. कारण हे असलं काहीतरी मी आधी पाहिलेलं होतं. किंवा खरं म्हणजे, पाहिलेलं नव्हतं.

माझं माहेर आंजीचं. मला बघायला पाहुणे आले तेव्हा मी चांगली बारावी झालेली, स्वतःला फार देखणी समजणारी मुलगी होते. दोन हातांपलीकडचं जग मला पिठात कालवल्यासारखं दिसायचं, पण चष्मा लावला तर नाक बसतं असं माझं ठाम मत होतं, म्हणून मी कुणाला बोलले नव्हते. आई म्हणाली, "सासरे उंच आहेत, टोपी घातलेले. आधी त्यांच्या पाया पड." मी बैठकीत गेले. भिंतीशी उंच काहीतरी होतं, वर टोपी होती. मी गेले, वाकले, पायांना हात लावला. पाय जरा खरबरीत लागले. आशीर्वाद येईना, म्हणून आणखी वाकले.

मागून, खाटेवरून, आवाज आला, "पोरी, त्या कोटाचं लगन झालं आहे. इकडं ये."

खुंटीवर सासऱ्यांचा कोट होता, कोटावर टोपी होती, आणि खाली सरकीचं पोतं. मान वर करून न बघणारी एवढी लाजाळू मुलगी पंचक्रोशीत मिळणार नाही म्हणून त्यांनी तिथेच होकार दिला. आबा अजूनही कोट घालताना त्याला आधी नमस्कार करतात, मी बघते आहे याची खात्री करून. चष्मा लागला तो पुढे दोन लेकरं झाल्यावर, वरणात मीठ म्हणून रांगोळी पडली तेव्हा. तो लावून मी पहिल्यांदा नवऱ्याचा चेहरा नीट पाहिला. उशीर झाला होता.

आमच्या वेळी शाळेत डोळे बघायला कोण येणार? एक देवी टोचणारा यायचा, आणि तो आला की मी घरी पळून कापसाच्या ढिगात शिरायचे. आता तसं नाही. आता नियमच आहे सरकारचा, वर्षातून एकदा आरोग्याचं पथक शाळेत आलंच पाहिजे. उंची, वजन, दात, कान, डोळे, सगळं बघायचं. जंताची गोळी वेगळी, लोहाची वेगळी. चष्मा लागला तर तोही फुकट. मला हे कळल्यावर मी आनंदानं नातीला सांगितलं, "बरं झालं, तुलेही चष्मा भेटन."

ती अशी फणकारली की कोंबड्या उडाल्या.

"मले नाई पायजे! चष्मेवालीले गुरुजी खो-खोत घेत नाई!"

तालुक्याच्या सामन्यांसाठी संघ निवडणं चालू होतं आणि नात संघात होती. आदल्या वर्षी एका चष्मेवाल्या मुलीला गुरुजींनी बाहेर बसवलं होतं. काच फुटून डोळ्यात गेली तर जबाबदारी कोणाची, असं म्हणाले होते. नात ते विसरली नव्हती. ती रात्री झोपेतसुद्धा "खो!" म्हणून आबांच्या पाठीत गुद्दा घालायची.

"आजी, तू सांगजो नको कोणाले. मले दिसत नाई म्हणून."

"नाई सांगत."

"कोटाची शपथ?"

"कोटाची शपथ," मी म्हटलं. काय करणार? आमच्या घरात याच्यापेक्षा मोठी शपथ नाही.

पथक आलं त्या दिवशी गुरुजींनी प्रत्येक घरातून एक मोठं माणूस बोलावलं होतं. कामाची माणसं कापूस वेचायला गेलेली, म्हणून मी गेले. डॉक्टरीणबाई कोल्हापूरकडच्या, कोवळी पोर, नुकतीच इकडे नेमणूक झालेली. "बसा की आजी," म्हणाली आणि स्वतःची खुर्ची मला दिली. मला तेवढ्यानंच ती आवडली.

डोळ्यांची पाळी आली आणि पथकाला कळलं की अक्षरांचा छापील तक्ता मागच्या गावच्या शाळेत भिंतीवरच राहिला. बाई रडकुंडीला आल्या. पण आमच्या गुरुजींना अशी संधी कधी मिळायची? त्यांचं अक्षर म्हणजे मोत्याचा दाणा, हे ते स्वतःच सांगतात. त्यांनी खताच्या दुकानाचं जुनं कॅलेंडर काढलं, एक पान फाडून उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर मोठ्यापासून बारीकपर्यंत ओळी लिहिल्या. आता गुरुजींना ळ विशेष सुंदर काढता येतो. म्हणून त्यांनी प्रत्येक ओळीत एक ळ घातला. खालच्या ओळीत दोन.

"आजच्यापुरतं चालवू," बाई म्हणाल्या. "ज्याची शंका येईल त्याला पुढे दवाखान्यात नेऊ." गुरुजी शेजारच्या खोलीत वजनाच्या काट्याकडे गेले, बाईंनी टेपनं अंतर मोजलं, आणि पहिलं पोरगं एका डोळ्यावर हात ठेवून उभं राहिलं.

"ग, म, र, य..."

"हे नीट बघ."

"य."

"घाई करू नको. बघ बरं."

"य होय ना मॅडम."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. दुसरं पोरगं, तेच. तिसरं, तेच. सगळे खालच्या ओळीपर्यंत धडाधड वाचायचे आणि तेवढ्या एका अक्षराला घसरायचे. बाईंचा चेहरा उतरत चालला. त्या पुटपुटल्या, "सगळ्या शाळेचे डोळे अधू? असं कसं होईल?"

खिचडी शिजवणारी बाई दारात होती. तिनं 'सगळ्या शाळेचे डोळे' एवढंच ऐकलं आणि उलथनं घेऊन धावली, "पोट्टे आंधये होऊन राह्यले व माय!" थोड्या वेळात वावरातल्या बाया कमरेला कापसाची ओटी बांधलेल्याच शाळेच्या दारात. एक म्हणे मोबाइलनं झालं, एक म्हणे कपाशीवरच्या फवारणीनं. एकीनं खिचडीतल्या तेलाचं नाव काढलं, तेव्हा खिचडीवालीनं उलथनं तिच्याकडे वळवलं.

या गलक्यात माझ्या नातीची पाळी आली. रांगेत मागे उभी राहून ती सगळ्यांचं ऐकत होती. तिनं डोळ्यावर हात ठेवला आणि पाढा म्हणावा तशी सुरात सुरू झाली. कुठे अडखळणं नाही, डोळे बारीक करणं नाही. 'य'सकट सगळं तंतोतंत. मी कपाळाला हात लावला. पोरीनं तक्ता कानांनी वाचला होता.

तोवर बाईंचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. "आजी, तुम्ही वाचता का जरा?"

मी चष्मा सरसावला. माझा नंबर नवा कोरा होता. "य," मी म्हटलं.

"आजी, तुमचासुद्धा बदललाय नंबर."

मी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. "य!" गंमत अशी की माझ्या कानांना मी ळच म्हणत होते. बाई मान हलवत होत्या आणि मला खरोखर वाटायला लागलं की पुन्हा कोटाच्या पाया पडायचे दिवस आले.

"बरं," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे अक्षर असलेला एखादा शब्द सांगा."

"शाया."

"अं?"

"शाया. केयं. डोया. काया कावया."

बाईंचं तोंड उघडं राहिलं. तेवढ्यात दारातल्या बायांना बाजूला सारत गुरुजी आत आले. वर्गात ते शाळा म्हणतात, प्रमाण भाषेत, छातीत श्वास भरून. पण घाईत कुणाला आठवण राहते? त्यांनी विचारलं, "अरे, कायचा गोंधय चालू आहे?"

"गुरुजी," बाई म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा?" आणि पेन टेबलावर टाकून अशा हसायला लागल्या की खुर्ची मागे सरकली. "डोळे ठणठणीत आहेत हो सगळ्यांचे! ळ दिसतोय, फक्त बाहेर येताना य होतोय!" मग गुरुजींना कळलं, मग मला, मग बायांना. खिचडीवाली उलथन्यासकट भिंतीला टेकली. बाईंनी आधी लिहिलेलं सगळं खोडलं आणि एकेका पोराला पास करत सुटल्या.

माझ्या नातीलासुद्धा.

तिनं माझ्याकडे बघून दात काढले. जिंकली होती पोरगी. आणि मला तिच्या जागी बारावी पास देखणी मुलगी दिसायला लागली, पोत्याच्या पाया पडणारी. पण शपथ तर घेतलेली, तीही कोटाची.

मी खुर्चीवरून उठले. सगळे पोट धरून हसत होते, माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी भिंतीशी गेले आणि खिळ्यावरचं कॅलेंडरचं पान उलटं करून टांगलं. त्या बाजूला खतानं वाढलेली एक फुलगोबी होती, कागदभर, पांढरी फट्ट.

"बाई," मी म्हटलं, "माह्या नातीचं मले गलक्यात ऐकूच नाई आलं. एकडाव पुन्हा वाचू द्या ना तिले. मोठं गोड वाचते."

"वाचलं ना मी, आजी!"

"म्हाताऱ्या माणसासाठी एकडाव."

नात ऐटीत उभी राहिली. एका डोळ्यावर हात. समोर ती गोबी. आणि माझी गुणाची लेक खणखणीत आवाजात सुरू झाली, "ग, म, र, य, प..."

आधी सगळ्यांनी गोबीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती खालच्या ओळीला पोचली, त्या ओळीतले दोन्ही 'य'सुद्धा तिनं चोख म्हटले, आणि मग शाळेचं छप्पर उडायचं तेवढं राहिलं. नातीला कळेना काय झालं. ती चार पावलं पुढे गेली, आणखी दोन गेली, आणि नाक जवळजवळ गोबीला लागल्यावर थांबली.

"आजी! तू बोलली होती सांगणार नाई म्हणून!"

"मी कुठं सांगितलं? गोबीनं सांगितलं."

पण ती रडायला लागली, आणि ते रडणं खोटं नव्हतं. "आता मले खो-खोतून काढतीन," एवढंच म्हणत राहिली. बाईंनी तिला जवळ घेतलं, हुंदक्यांतून सगळं काढून घेतलं आणि मान वळवून गुरुजींकडे बघितलं. "न फुटणारी भिंगं असतात, गुरुजी. मागून पट्टा बांधला की पडतही नाही. न दिसता पळण्यापेक्षा बरं नाही का?"

गुरुजींनी डोकं खाजवलं. "पाहू."

"पाहू म्हणजे?" मी विचारलं.

"पाहू म्हणजे पाहू, काकू. चष्मा लावून पयून तर दाखवू द्या तिले."

दवाखान्यात नंबर काढून चष्मा येईपर्यंत नात माझ्याशी बोलली नाही. जेवताना समोर बसून म्हणायची, "आबा, तिले सांगा वरणात मीठ कमी आहे." आबा म्हणायचे, "असू दे, रांगोळी तर नाई ना."

चष्मा शाळेत आला तेव्हा तो मीच घेऊन आले. आबांच्या जुन्या मोज्याचं इलॅस्टिक कापून मागे पट्टा शिवला, आणि अंगणात तिच्या डोळ्यांवर चढवला. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता गळ्यात पडते. मी पदरही डोळ्यांशी नेऊन ठेवला होता.

"आजी," ती म्हणाली, "तुले मिश्या आहेत."

आणि पळाली मैदानावर.

मीही मागोमाग गेले. गुरुजी शिट्टी घेऊन उभे होते. याआधी नात पावलांच्या आवाजावर पळायची. तिनं खांबाला दोनदा आऊट केलेलं होतं आणि गुरुजींना एकदा. त्या दिवशी समोरची मुलगी हुलकावणी देऊन खांबाशी वळली तशी हीही वळली, आणि अगदी त्याच मुलीच्या पाठीवर हात पडला. खांबाच्या नाही. पुन्हा खो, पुन्हा तेच. चष्मा नाकावर जागचा हलला नाही. गुरुजींनी शिट्टी तोंडातून काढली.

"काकू, राहू द्या हिले संघात," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "तो पट्टा आणखी एक शिवून द्याल का? मागच्या वर्षीची ती पोरगी बाहेरच बसली आहे."

मोजा काही एकटा नसतो, जोडीचा दुसरा होताच.

तालुक्याला आमचा संघ पहिल्याच सामन्यात हरला. पण दोघी चष्मेवाल्या शेवटपर्यंत खेळल्या, आणि परतताना गाडीतल्या सगळ्या पोरी एका तालात काहीतरी ओरडत होत्या. गाडी शाळेपाशी आल्यावर मला नीट ऐकू आलं. ते माझ्या मिश्यांविषयी होतं. तेव्हापासून मी आरशात बघताना चष्मा काढून ठेवते. तशी मी अजूनही फार देखणी दिसते.