पैलवानाच्या पेशी

गल्लीत सगळे त्याला पैलवान म्हणत. पोटऱ्या अशा भरलेल्या, की शेजारी कौतुकाने चापट मारायचे. त्या पोटऱ्यांत बळ नव्हतं, आजार होता. ते कळेपर्यंत पोरगं जिना चढताना भिंत धरायला लागलं होतं. मिसरूड फुटायच्या वयात पैलवान गेला.

त्याची ताई पुढे स्नायूंच्या प्रयोगशाळेतच नोकरीला लागली. तपासणीसाठी त्याच्या मांडीचा तुकडा काढला होता, त्यातल्या पेशी आईच्या परवानगीने तिथल्या टाकीत गोठवून ठेवल्या होत्या. टाकीचं झाकण उघडलं की थंडगार वाफ अंगावर यायची आणि ताई मान फिरवायची.

एके दिवशी मोठ्या मॅडम म्हणाल्या, "स्नायू फाटला की तो सांधणाऱ्या पेशी जाग्या होतात. या आजारात त्या जाग्या होऊनही गोंधळतात. दुरुस्तीची जनुकं घट्ट गुंडाळलेलीच राहतात. नवं औषध जनुकाला हात लावत नाही, नुसती गुंडाळी सैल करतं. तुझ्या भावाच्या पेशींवर करून बघू? नको वाटत असेल तर स्पष्ट सांग."

"करू या," ताई म्हणाली.

पेशी वितळवून काचेच्या बशांत वाढवल्या, त्यांतल्या अर्ध्या बशांत औषध घातलं. बिनऔषधाच्या पेशी विस्कटून पडल्या. औषधातल्या एकमेकींना बिलगल्या, त्यांचे लांब धागे झाले. एका सकाळी ताईने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तर एक धागा आखडला. सैल पडला. पुन्हा आखडला.

घरी सांगायला नको होतं, पण राहवलं नाही. भाजी निवडणारे आईचे हात थांबले.

"दुखतं का गं त्याला?"

"आई, तो नाहीये तो. पेशी आहेत नुसत्या."

"झोपेत असाच पाय झाडायचा," आई म्हणाली.

तेव्हापासून ताईने चपला काढायच्या आत प्रश्न यायचा, "आज कसा आहे?"

प्रयोग संपला. मॅडम खूश होत्या, तरी रुग्णांपर्यंत औषध पोचायला बराच काळ लागणार होता. नियमाप्रमाणे बशांत जंतुनाशक ओतून पेशी नष्ट करायचं काम ताईचंच. ओतताना तिने डोळे मिटून घेतले.

"आज कसा आहे?" आईने दारातच विचारलं.

ताईच्या बोटांना अजून तो उग्र वास येत होता.

"हलतोय," ती म्हणाली.

आईने समाधानाने मान डोलावली आणि त्याच्या रिकाम्या पलंगावर धुतलेली चादर अंथरायला घेतली.