सेल्माचा दुपारचा खेळ

सेल्मा रॉस्टड माझ्या घरी भाड्यानं राहायला आली, तेव्हा तिच्याबरोबर तिचा धाकटा भाऊ होता, आर्विड. लढाई नुकतीच संपली होती. लॉस एंजेलिसच्या बंकर हिल टेकडीवर माझ्यासारख्या कितीतरी विधवा खोल्या भाड्यानं देऊनच जगत होत्या. सेल्मा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. सकाळची पाळी, दुपारी मोकळी. आर्विड पॅसिफिकच्या आघाडीवरून धड परतला होता, म्हणजे हातपाय शाबूत होते. पण टेबलावरून कुणाचा काटा खाली पडला तरी दचकायचा.

त्याला बरं वाटायचं ते थिएटरच्या अंधारात. सिनेमेही ठरावीक जातीचे. ओले रस्ते, भिंतीवर खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या, टोपी कपाळावर ओढून हिंडणारा गुप्तहेर, गोड बोलून गळा कापणारी बाई. दोघं भावंडं दुपारच्या खेळाला जायची. येताना आर्विड चक्क बोलत यायचा. "त्यातली माणसं उगीच हसत नाहीत, मिसेस डुगन," तो मला जिन्यात एकदा म्हणाला होता.

एका वसंतात तो कामाला म्हणून गेला, तो परत आलाच नाही. पोलिसांनी सेल्माला वाटेला लावलं. "मोठा माणूस आहे, बाई. जाईल कुठंही. गुन्हा काय घडलाय?"

ती रडली नाही. दुपारी सिनेमाला मात्र जात राहिली, एकटीच. मला राहवेना. "भाऊ गेला आणि तुला खून बघायला सुचतं?"

"खून कोण बघतंय?" ती म्हणाली. "तिथं माणूस हरवला तर कुणीतरी त्याच्या मागं निघतं. मार खातं, फसतं, पण निघतं. मी ते बघायला जाते."

आणि मग तीच निघाली. सुट्टीच्या दिवशी आर्विडचा फोटो आणि अंड्याचे सँडविच घेऊन बाहेर पडायची. बस डेपो, स्वस्त हॉटेलं, न्हाव्यांची दुकानं. "सिनेमातल्या गुप्तहेराला कुणीतरी व्हिस्की पाजतं," ती पाय चोळत म्हणायची. "मला साधं पाणी कुणी विचारत नाही."

सॅन पेड्रोच्या बंदरावर एका न्हाव्यानं फोटो ओळखला. हा इथंच होड्या रंगवतो, म्हणाला.

तिथं काय झालं ते तिनं माझ्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच सांगितलं. आर्विड शिडीवर होता. तिला बघून खाली उतरला, हात पुसले.

"कशाला शोधलंस, सेल्मा?"

"मग काय करायचं होतं?"

"मी बरा आहे गं. पण तू काळजीनं बघतेस ना, तेव्हा मला श्वास घेता येत नाही."

मग दोघांनी धक्क्यावर बसून सँडविच खाल्ले. तिनं विचारलं, "सिनेमे बघतोस?" तो म्हणाला, "बघतो. एकटाच." ती पुढच्या बसनं परत आली.

त्यानंतर तिनं थिएटरचं नावच सोडलं. कामावरून आली की खिडकीशी बसून राही. शेवटी मीच तिला ओढून नेलं. मला त्या भानगडी कळेनात. "हिनंच मारलं ना त्याला?" मी मोठ्यानं विचारायची आणि पुढची माणसं वळून डोळे वटारायची. शेवटी तो गुप्तहेर कॉलर वर करून रिकाम्या रस्त्यानं निघून गेला.

"बिचारा," मी म्हटलं. "कुणीतरी घरी नेऊन गरम सूप तरी द्यावं त्याला."

"त्याला नको असेल," सेल्मा म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. दिवे लागले तरी ती उठेना. झाडूवाला आमच्या रांगेपर्यंत आला, तेव्हा कुठं आम्ही निघालो.

मी पुन्हा गेले नाही. तो सिनेमा घरापर्यंत माझ्या मागं आला होता. ती मात्र जाऊ लागली, पहिल्यासारखीच, दुपारी, एकटी.

पुढं टेकडीवरची घरं पाडायला घेतली आणि आम्हा सगळ्यांनाच उठावं लागलं. मी मुलीकडे गेले. सेल्मानं शहराच्या दुसऱ्या टोकाला एक खोली बघितली. मी म्हटलं, "समुद्राकडे घे की. सॅन पेड्रोत स्वस्त मिळेल."

ती ट्रंकेचा पट्टा आवळत होती. मान वर न करता म्हणाली, "तिथं तो राहतो ना."