डाव्या पंखाची तिसरी फासळी

झकेरियाभाईंनी माझ्या ब्लाउजला तीन आठवड्यांच्या आत कधी हात लावला नाही. पनवेलच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी त्यांचं शिलाईचं दुकान. मी शाळेत शिकवायला लागले तेव्हापासून त्यांची गिऱ्हाईक. आल्या आल्या भांडण आणि निघताना चहा, हा आमचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. पण जुन्या विमानांचा विषय निघाला, की या माणसानं कात्री खाली ठेवलीच म्हणून समजा.

त्याला कारण होतं. तरुणपणी ते मुंबईच्या एका फ्लाइंग क्लबात विमानांचे पंख शिवत. तुम्ही हसाल, मीही हसले होते. पण 'पुष्पक'सारख्या जुन्या, दोन माणसांच्या विमानाच्या पंखावर पत्रा नसतो, कापड असतं. फासळ्यांवर कापड चढवायचं, मेणाच्या दोऱ्यानं प्रत्येक फासळीला शिवायचं आणि प्रत्येक टाक्याला गाठ मारायची. एक टाका तुटला तरी बाकीचे उसवू नयेत म्हणून. वरून पट्ट्या चिकटवून डोप नावाचं रोगण लावलं, की कापड ढोलासारखं ताणून बसतं. पुढे पत्र्याची विमानं आली, क्लबातलं काम संपलं आणि भाई पनवेलला परतले.

वेड मात्र सुटलं नाही. बंगलोरचा एअर शो चुकवायचे नाहीत. दोनदा मलाही ओढून नेलं. लढाऊ विमानं आली की हे कानांत बोटं घालून बसून राहत. एखादं कापडी पंखाचं जुनं विमान आलं, की घरचं कार्य असल्यासारखे उठून उभे राहत. आता पनवेलच्या डोक्यावरून नव्या विमानतळाची विमानं जातात, त्यांच्याकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. "त्या बसगाड्या, बाई," म्हणतात.

पंचाहत्तरीत त्यांना बोलावणं आलं. पुण्यापलीकडे सुशांत नावाच्या एका हौशी गृहस्थानं मोडीत निघालेलं पुष्पक पुन्हा उभं केलं होतं. जानेवारीत त्याच्याच धावपट्टीवर जुन्या विमानांचा शो होता आणि पंख शिवणारा माणूस मिळत नव्हता. भाई दोन महिने तिथे राहिले. पंख झाले, इंजिनियरनं तपासून सही केली. उडवणार होती मिताली, सव्वीस वर्षांची वैमानिक. भाई तिला बेटी म्हणत. आपण शिवलेला पंख शोमध्ये, हजार लोकांसमोर उडताना बघायचा, एवढी एकच हौस त्यांनी जन्मभर मनात धरली होती.

शोला चार दिवस उरले होते. मी साडीला फॉल लावून घ्यायला दुकानात बसले होते. दोरा संपला. भाईंनी नवा दोरा ओवला, दोन उलटे टाके घातले आणि पुढे शिवत गेले. शिंप्याचा हात हे आपोआपच करतो. मग एकदम थांबले.

"काय झालं?"

"बाई, तिथेही मी हेच केलं." त्यांचा चेहरा उतरला होता. "डाव्या पंखाच्या तिसऱ्या फासळीला दोरा संपला. तेवढ्यात अजानची वेळ झाली, नमाज पढून आलो आणि हात साडीच्या चालीनं चालला. गाठी मारल्याच नाहीत मी. या अल्लाह!"

"यकीन आहे तुम्हाला?" काजं करत बसलेल्या सकीनाभाभींनी, त्यांच्या बायकोनं, विचारलं.

"नाही. हाताला आठवतंय, डोक्याला नाही."

"मग गप बसा. साहेबाची सही झाली, आता रोगणाखाली कोण बघतंय? या दिवसाची वाट बघण्यात उमर गेली तुमची."

खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं. गप बसा, भाई. तो पंख एकदा उडताना बघून घ्या.

भाईंनी फोन उचलला आणि सुशांतला सांगितलं, "पंख उघडायला लागेल. मी येतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं पंखाच्या कापडावर पातं चालवलं. एकामागोमाग सात टाके, एकालाही गाठ नाही. सुशांत रागावला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "राहू दे चाचा, पुढचं दुसऱ्या कुणाकडून करून घेतो." पंख पुन्हा शिवून, रोगण वाळून, तपासणी व्हायला तीन दिवस पुरणार नव्हते. पुष्पक शोमधून बाद झालं.

तरी शोच्या दिवशी भाई हट्टानं गेले, मलाही घेऊन. शेडमध्ये त्या फाडलेल्या पंखाशी उभे राहिले. विमान का उडत नाही असं ज्यानं त्यानं विचारावं आणि यांनी प्रत्येकाला सांगावं, "मी टाके चुकवले."

माझं डोकंच फिरलं. "दवंडी कशाला पिटताय स्वतःच्या चुकीची?"

"नाही सांगितलं तर लोक त्या पोरीला नावं ठेवतील. म्हणतील, घाबरली."

दुपारी माझ्याच वयाची एक बाई आली. तिनंही तेच विचारलं, भाईंनी तेच उत्तर दिलं. ती म्हणाली, "मी मितालीची आई."

भाईंची मान खाली गेली. "माफ करा, ताई."

"फोन तुम्हीच केलात ना?"

"हो," भाई म्हणाले. त्या बाईनं त्यांचे दोन्ही हात धरून आपल्या कपाळाला लावले. शेवटचं विमान उतरलं, लोक निघाले, तरी ती हात सोडेना. झकेरियाभाई ढसाढसा रडले. मीही रडले. चार दिवसांपूर्वी, दुकानात बसून, मी मनातल्या मनात त्यांना गप बसा म्हणाले होते.